वास रसाला होता

माझ्या बकुळाआत्याला एमआयडीसीतल्या कोळंबीच्या कंपनीत तीस वर्षं पगार मिळाला तो नाकाचा. सोलणाऱ्या बायका वेगळ्या, वजन करणाऱ्या वेगळ्या. आत्या पांढरा कोट आणि डोक्याला टोपी घालून टेबलाच्या टोकाला उभी राहायची, ट्रेमधली मूठभर कोळंबी उचलून नाकाशी धरायची आणि एकच शब्द बोलायची. "पास", नाहीतर "रिजेक्ट". तिने रिजेक्ट म्हटलं की मॅनेजरसुद्धा वाद घालत नसे.

निवृत्त झाली तेव्हा कोट परत केला, टोपी परत केली, तो शब्द मात्र घरी घेऊन आली. रिक्षावाला रिजेक्ट. नवा डॉक्टर रिजेक्ट, का, तर तो पेशंटकडे न बघता मोबाइलकडे बघतो. विनीत मला बघायला आला, तेव्हा ही बाई चहाचा ट्रे ठेवायच्या निमित्ताने त्याच्या खांद्यापर्यंत वाकली आणि आत येऊन म्हणाली, "तेजू, साबणाचा वास फार येतोय. काहीतरी झाकतोय. रिजेक्ट." माझं डोकं सणकलं. मी हट्टाने त्याच्याशीच लग्न केलं. चौदा वर्षं झाली, तो अजून तोच साबण वापरतो, आणि झाकण्यासारखं त्याच्याकडे काहीही निघालेलं नाही. आत्या हल्ली माझ्याआधी त्याच्या ताटात सुरमई वाढते. पण "माझं चुकलं गो" असं म्हणेल? नाव नको.

तर आमचं चर्च. लहान आहे, मराठी आहे, रविवारी पस्तीस-चाळीस माणसं येतात आणि नाताळला मुंबईकर आले की बाकं कमी पडतात. मी पेटी वाजवते. आत्याकडे प्रभुभोजनाच्या रसाचं काम. महिन्याच्या पहिल्या रविवारी भाकरीच्या तुकड्याबरोबर एवढ्याशा काचेच्या पेल्यातून सगळ्यांना द्राक्षरस देतात. रत्नागिरीत बारा महिने ताजी काळी द्राक्षं कुठून आणायची? म्हणून आत्या काळे मनुके दोन दिवस भिजवते, कुस्करते, फडक्यातून गाळते, काचेच्या बाटलीत भरते आणि फ्रिजमध्ये ठेवते. आमच्या मंडळीत दारू वर्ज्य, त्यामुळे रस आंबता कामा नये. चोवीस वर्षांत तो कधी आंबला नव्हता.

तिच्या नाकाची नुसती थट्टा करत नाही मी. तीन वर्षांपूर्वी एक पाहुणा उपदेशक आला होता. छोट्या छोट्या बाटल्या घेऊन आला आणि म्हणाला, हे तेल चोळा, गुडघे बरे होतील, रक्तदाबाच्या गोळ्या समुद्रात फेका. म्हातारी माणसं रांगेला लागली. आत्याने पुढे जाऊन एक बाटली उघडली, हुंगली आणि भर मंडळीत सांगितलं, "हे खोबरेल आहे, वर अत्तर टाकलंय. चोळायचं त्याने चोळा, गोळ्या कुणी बंद करायच्या नाहीत." आणि दुपारी त्याच उपदेशकाला घरी नेऊन माशाची कढी आणि भात जेवायला घातला. मी म्हटलं, ह्याला कशाला? तर म्हणते, "तेल खोटं होतं, भूक खोटी होती काय?" तेव्हा मला तिचा असा अभिमान वाटला म्हणून सांगू!

म्हणूनच बाबल्याच्या बाबतीत तिने जे केलं त्याचा मला जास्त राग आला.

बाबल्या म्हणजे आमच्या चर्चचा राखणदार. बाप्तिस्म्याचं नाव बर्नबा, पण त्या नावाने त्याला फक्त पाळकसाहेब, म्हणजे आमचे धर्मगुरू, हाक मारतात. मूळचा पालीकडचा. मिरकरवाड्याला बोटीवर खलाशी होता आणि प्यायचा. म्हणजे असा प्यायचा, की बोट सुटली तरी हा धक्क्यावरच. बायको काशी कंटाळून माहेरी पालीला निघून गेली. मग एका पावसाळ्यात हा आमच्या चर्चच्या पायरीवर तापाने पडलेला सापडला, बरा झाला, आणि तेव्हापासून थेंबाला शिवलेला नाही. सात वर्षं. पहिली पाच काशीने पालीला बसून वाट बघितली, दोन वर्षांपूर्वी परत आली. येताना एकच सांगितलं होतं, "आता एक घोट जरी घेतलास तर मी जाते ती जाते. मग देव सांगायला आला तरी यायची नाय." चर्चच्या मागच्या खोलीत दोघं राहतात. नोकरी, खोली, बायको, सगळं त्या सात वर्षांवर उभं.

मे महिन्यातला पहिला रविवार. ऊन मी म्हणत होतं. प्रभुभोजनाचा रस नेहमीप्रमाणे आत्याने शनिवारी संध्याकाळी बाबल्याकडे दिला होता, कारण सकाळी पेले भरायचं काम त्याचं. उपासनेत पेल्यांचे ट्रे फिरले, पाळकसाहेबांनी खूण केली, आम्ही सगळ्यांनी पेले तोंडाला लावले, आणि माझ्या जिभेला चुणचुण झाली. मी पेटीवरून वर बघितलं. अर्धी मंडळी एकमेकांकडे बघत होती. आमचे शलमोनकाका साळवी, म्हणजे चर्चच्या ज्येष्ठ पंचांपैकी एक आणि तालुक्यातले दारूबंदीवाले, डोळे मिटून जीभ टाळूला लावत होते. आत्या ताठ उभी होती. तिच्या नाकपुड्या फुगल्या होत्या आणि ती बाबल्याकडे बघत होती. बाबल्याच्या हातातला पेला भरलेला तसाच होता. त्याने तो हळूच ट्रेमध्ये परत ठेवला.

शेवटचा आशीर्वाद होऊन माणसं बाहेर आली, आणि आवारातल्या चिंचेखाली चाळीस माणसांच्या देखत आत्या त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"बाबल्या, रसात दारू होती."

बाबल्या खाली बघत राहिला.

"रात्रभर रस तुझ्या खोलीत होता. तुझ्या घरात दारू आहे. आणि तुला ठाऊक होतं, म्हणून तू पेला घेतला नाहीस. प्रभूच्या मेजाशी असं करतोस? माझं नाक चुकत नाही. तू सुधारला नाहीस रे. तू रिजेक्ट."

"आत्याबाय, मी नाय प्यालो," एवढंच तो म्हणाला. इतक्या हळू म्हणाला, की मागच्यांना ऐकूही गेलं नाही. काशी शेजारीच होती. तिने पदर खोचला आणि खोलीकडे चालायला लागली.

सोमवारी सकाळच्या एसटीने ती पालीला गेली. मंगळवारी संध्याकाळी चर्चच्या कमिटीची बैठक ठरली. बाबल्याला कामावर ठेवायचं की खोली रिकामी करायला सांगायची, एवढाच विषय.

मंगळवारी मी बँकेतून अर्धी रजा टाकली आणि थेट आत्याच्या घरी गेले. ती शांतपणे मिरच्या निवडत बसली होती. म्हटलं आज भांडायचंच.

"कशाला बोललीस एवढं?"

"खोटं बोलले काय? तुला नाही चव लागली?"

"लागली. पण त्याला सगळ्यांसमोर नालायक ठरवायचा अधिकार तुला कुणी दिला?"

"म्हणजे वास आला तरी गप्प बसू? नाक कापून टाकू? त्या तेलवाल्याच्या वेळी गप्प बसले असते तर चार म्हातारी वर गेली असती. ओळखायला नको काय गो खरंखोटं?"

माझा आवाज चढला. "कंपनीत वास आला की काय करायचीस?" मी ओरडलेच.

"ट्रे बाजूला काढायचे."

"आणि?"

"मागे जायचे. माल कुठल्या टबातला, बर्फ कधी घातला, गाडी किती वाजता आली, सगळं विचारत थेट बंदरापर्यंत जायचे."

"सोलणाऱ्या बाईला तिथल्या तिथे हाकलायचीस?"

"छे! तिच्यापर्यंत माल येतो तो आधीच…" आत्या थांबली. हातातली मिरची तिने बघून न बघितल्यासारखी केली आणि देठासकट डब्यात टाकली. मग उठली, चपला घातल्या आणि मला म्हणाली, "बसलीस काय? चल."

बाबल्या खोलीच्या दारात बसला होता. मागे सामानाची दोन बोचकी बांधलेली. बैठकीच्या आधीच ह्याने निकाल लावून घेतला होता. आत्याने विचारलं, "आत येऊ?" हे नवीनच. एरवी ती सरळ शिरते. आत गेली, माठ हुंगला, तांबे हुंगले, कोनाडा हुंगला. खोलीत मातीचा, साबणाचा आणि सुक्या बांगड्याचा वास होता, बस्स. मग म्हणाली, "बाटली कुठाय?" बाटली चर्चच्या कपाटात होती, ती बाबल्याने आणून दिली. तळाशी चार बोटं रस उरलेला. आत्याने बूच काढलं, डोळे मिटले आणि बराच वेळ तशीच उभी राहिली. कंपनीत ती अशी दिसत असणार.

"ह्यात कुणी काही ओतलेलं नाही," ती म्हणाली. "हा रस आपणहून आंबलाय."

बाबल्याने मान हलवली. "रविवारी सकाळी बूच काढलं तेव्हाच मला कळलं. सोड्यासारखं फस्स झालं आणि वास आला."

"मग मेल्या, बोलला का नाहीस?"

"घंटा झाली होती. आणि आत्याबाय, मी काय सांगणार? दारूचा वास येतोय म्हटलं असतं तर सगळे बोलले असते, ह्यालाच बरा कळला! म्हणून गप्प राहिलो. म्हटलं दुसऱ्यांनी घेतला तर घेऊ देत, त्यांना काय होत नाय. मी घेतला असता तर माझं काय झालं असतं मला ठाऊक. सात वर्षं झाली. म्हणून पेला ठेवला."

आत्या त्याच्याकडे बघत राहिली. चाळीस माणसांत रस नीट ओळखला तो ह्या एका माणसाने, आणि त्याने तोंड न लावता ठेवलेला तो पेला हिने पुरावा म्हणून त्याच्याच माथी मारला होता. आत्या एवढंच म्हणाली, "बोचकी सोड. बैठकीला ये," आणि घराकडे इतक्या भराभर चालायला लागली की मला पळावं लागलं.

घरी येऊन तिने फ्रिज उघडला. आत काही कळण्यासारखं नव्हतं. गेल्या गुरुवारी ती पोफळीला चुलतभावाकडे साखरपुड्याला गेली होती, शनिवारी दुपारी परतली, म्हणून जाताना सगळं संपवून फक्त रसाची बाटली आत ठेवली होती. मग तिने वरचा बर्फाचा कप्पा उघडला. रविवारच्या शाळेतल्या पोरांसाठी ती कोकम सरबताच्या बर्फाच्या कांड्या करून ठेवते, प्लॅस्टिकच्या नळ्यांत भरून, पेल्यात उभ्या. त्या सगळ्या वाकून एकमेकींना चिकटून गोठल्या होत्या.

"वितळून परत गोठल्यात," आत्या म्हणाली. "कंपनीत आम्ही आधी हेच बघायचो." आणि तिथेच खाली बसली.

"वीज गेली असेल," मी म्हटलं.

"वीज नाही गेली गो. मीच घालवली. जाताना मेन स्विच बंद केला. वळवाच्या विजा चमकतात, शॉर्टसर्किट होईल म्हणून. फ्रिजचं ध्यानातच नाही आलं, दोन दिवस तो बंद. आल्यावर चालू केला, बाटली पुन्हा गार झाली, मी न हुंगता त्याच्या हातात दिली." मग म्हणाली, "सगळ्या जगाचा माल हुंगला, स्वतःचा तेवढा नाही हुंगला."

खरं सांगते, मी तिला म्हटलं, बैठकीत वीज गेली होती असं सांग, कुणाला कळणार आहे? बाबल्या सुटल्याशी कारण. ह्यावर तिने माझ्याकडे असं बघितलं, की तीस वर्षं त्या मॅनेजराचं काय झालं असेल ते मला कळलं.

बैठकीला कमिटीची सहा माणसं यायची, आली वीस. आत्या उभी राहिली आणि पोफळीपासून बर्फाच्या कांड्यांपर्यंत सगळं सांगितलं. "रसाबद्दल माझं नाक बरोबर होतं. माणसाबद्दल मी नाकाला विचारलंच नव्हतं. ते मी माझ्या मनाने ठरवलं आणि सगळ्यांसमोर ठरवलं. बाबल्या, माझं चुकलं." चौदा वर्षं मी ह्या शब्दांची वाट बघत होते.

शलमोनकाका मात्र भलत्याच काळजीत. "थांबा, थांबा. म्हणजे रविवारी मी दारू प्यालो?"

"चमचाभर, काका," पाळकसाहेब म्हणाले.

"चमचाभर नाही हो. उरलेले पेले मीच संपवले. वाया जायला नकोत म्हणून. चांगला लागला मला!"

एवढं हसू फुटलं, की बाबल्यासुद्धा तोंडावर हात धरून हसायला लागला. काकांनी त्याच्याकडे बघितलं, दोन मिनिटं विचार केला आणि म्हणाले, "मला कुणी खोली सोडायला सांगणार नसेल, तर ह्यालाही कुणी सांगू नये." विषय संपला.

पण मागून एक बाई म्हणाल्या, "म्हणून म्हणते, कुणी कुणाला काही बोलूच नये." तेव्हा पाळकसाहेबांनी मान हलवली. ते कमी बोलणारे गृहस्थ. म्हणाले, "बोललंच पाहिजे. वास आला तर बकुळाबाईंनी उद्याही सांगावं, नाहीतर आपल्याला कोण सांगणार? फक्त वासाबद्दल सांगावं आणि माणसाला विचारावं. माणसाचा निकाल द्यायला वर कुणीतरी आहे, आणि तो आपल्यापेक्षा दयाळू आहे म्हणून तर आपण इथे बसलोय." आत्या मान खाली घालून ऐकत होती.

बुधवारी सकाळी आत्या, बाबल्या आणि मी पालीच्या गाडीत बसलो. मला कुणी बोलावलं नव्हतं, पण मी राहते थोडीच! वाटभर बाबल्या खिडकीचा गज धरून बसला होता. खोली राहिली, नोकरी राहिली, पण काशी आली नाही तर दोन्हीचं काय करायचं, असं त्याच्या तोंडावर लिहिलेलं होतं.

काशी भावाच्या अंगणात पापड वाळत घालत होती. आम्हाला बघून उठली नाही. आत्याने उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. फ्रिज, मेन स्विच, वाकलेल्या कांड्या, बाबल्याने न घेतलेला पेला. "तो प्याला नव्हता काशी. मी खोटा आळ घेतला. तुझं घर मी मोडलं. तू मला काय बोलायचं ते बोल, पण त्याच्यावर राग ठेवू नको."

काशीने हातातला पापड सरळ केला. मग म्हणाली, "तो प्याला नव्हता, ते मला रविवारीच ठाऊक होतं."

आम्ही तिघंही बघत राहिलो.

"मी परत आल्यापासून दोन वर्षं रोज ह्याचं तोंड हुंगते मी. हा झोपला की. ह्याला माहीत पण नाय. शनिवारी हुंगलं, रविवारी सकाळी उठायच्या आधी हुंगलं. काय वास नव्हता." तिने पापड खाली ठेवला. "पण तुमी एवढं ठासून बोललात, आत्याबाय. चाळीस माणसांत. मला वाटलं, एवढी मोठी बाई बोलते, कंपनीत साहेब जिचं ऐकायचे, ती काय उगाच बोलेल? मला माझ्या नवऱ्याचा वास कळत होता, आणि मी तुमचं खरं मानलं."

आत्या मोठ्याने रडली. माझ्या जन्मात मी तिला तशी रडताना बघितली नव्हती, आजी गेली तेव्हासुद्धा नाही. तिने काशीचे पापडाच्या पिठाने माखलेले दोन्ही हात धरले. काशीने ते सोडवून घेतले नाहीत.

बाबल्या मात्र भलतीकडेच अडकला होता. "रोज?" तो म्हणाला. "रोज हुंगत होतीस?"

"रोज."

"मला उठवायचंस तरी. मी आपणहून फुंकर मारून दाखवली असती."

काशी रडता रडता हसली. पदराने तोंड पुसलं, हात झटकले आणि आत भावजयीला हाक मारून सांगितलं, "वयनी, पापड तेवढे उचलून ठेवा. मी जाते घरी."